तात्यांची म्हस

आमच्या घरात कोणी कुठं झोपायचं हे म्हशी ठरवायच्या. खाली गोठा, वर माडी, आणि माडीच्या निम्म्या भागात कडबा रचलेला. कडबा नवा आला की आई, आबा आणि मी भिंतीला चिकटून झोपायचो. तो संपत आला की हातपाय पसरायला जागा व्हायची, पण तेव्हा खाली म्हशी अर्धपोटी असायच्या आणि आबांना झोप लागायची नाही. ते उठून बसले की आम्हीही उठून बसायचो. ऐसपैस झोपलो, असं त्या घरात कधी झालंच नाही.

पावसाळ्यात ओल खालून वर चढायची. अंथरूण, दप्तर, शाळेचा ड्रेस, सगळ्याला एकच वास. मला तो येत नव्हता. येतो हे मला दुसरीत कळलं, जेव्हा शेजारची मुलगी नाकाला रुमाल लावून बाईंना म्हणाली, "बाई, हिला उठवा की हितनं." बाईंनी मला उठवलं. पुढच्या वर्षापासून मी आपणहून मागच्या बाकावर बसायला लागले. उठवायचे कष्ट कशाला कोणाला.

आई दुपारभर शेणी, म्हणजे गोवऱ्या, लावायची. आमच्या कोल्हापुरात मयत जाळायला शेणी लागतात, त्यामुळं त्यांची मागणी कधी कमी होत नाही. आई म्हणायची, "लोकं दूध प्यायची बंद हुतील, मरायची बंद हुईत न्हाईत." ती हे हसत म्हणायची. आबा हसायचे नाहीत.

आबा संध्याकाळी दोन म्हशी घेऊन चौकातल्या कट्ट्यावर जायचे. गिऱ्हाइकासमोर म्हस उभी करायची आणि त्याच्या डोळ्यांदेखत ग्लासात धार काढून द्यायची, ही आमच्या गावची रीत. ग्लास कोमट लागला पाहिजे आणि फेस मिशीला लागला पाहिजे, नाहीतर माणूस म्हणतो पाणी घातलं. मी लहानपणी ग्लास विसळायला जायचे. तिथं समोरच्या बाजूला तात्या उभे असायचे.

तात्या म्हणजे आबांचे चुलतभाऊ. दोघांच्या आज्याचा गोठा एकच होता, वाटणी झाली आणि दोन झाले. तात्यांचा वाढला, आमचा आटला. का, ते मला नीट सांगता येत नाही. तात्या काही वेगळं करत होते असं नाही. पहाटे तेही उठायचे, शेण तेही काढायचे. फक्त एक होतं. तात्या धार काढताना कासेकडं बघायचे आणि आबा समोर बघायचे, तात्यांच्या म्हशीपुढं किती माणसं उभी आहेत ते. एकदा असंच बघता बघता ग्लास भरून वाहिला आणि धार गिऱ्हाइकाच्या बुटावर गेली.

"पावणं, दूध मला पाजताय का बुटाला?" तो म्हणाला.

सगळा कट्टा हसला. तात्याही हसले. आबांनी त्या माणसाकडनं पैसे घेतले नाहीत. जेवताना आईला म्हणाले, "त्यो हसला बघ."

"कोण, गिऱ्हाईक?"

"तात्या."

तात्यांना माझ्याच वयाची मुलगी. माझ्या आणि तिच्या वयात काही आठवड्यांचं अंतर असेल. दात आधी कोणाला आले, बोलायला आधी कोण लागलं, सगळं आबांच्या ध्यानात. चालण्यात मी जिंकले होते म्हणे. त्यानंतर कशातही नाही. ती उंच, ती गोरी, तिच्या वह्यांना प्लॅस्टिकची कव्हरं. निकालाच्या दिवशी आबा माझा निकाल ऐकायच्या आधी विचारायचे, "तिला किती?" तिचा आकडा ऐकला की माझा ऐकायची त्यांना गरजच राहायची नाही. मला राग तिचा यायला हवा होता, तो कधी आला नाही. ती माझ्याशी नीट वागायची. चिंचा वाटून घ्यायची. तिला माहीतही नसेल की आमच्या माडीवर रोज रात्री तिचं माप काढलं जातं.

दहावी झाली. आमच्या घरात कॉलेजचं तोंड तोवर कोणी बघितलं नव्हतं. आबा सातवीपर्यंत, आई चौथीपर्यंत. मी पदवी घ्यायची हे आबांनी मी पोटात असतानाच ठरवलं होतं असं आई सांगते. ती एकच गोष्ट त्यांनी तात्यांकडं बघून ठरवली नव्हती. पण कशाची पदवी, हे मात्र तात्यांच्या पोरीवरनं ठरलं.

"तिनं सायन्स घेटलंय," आबा म्हणाले. "तू बी घे."

"मला जमंल का?"

"तिला जमतंय, तुला काय शिंगं हाईत?"

मला दुसरं काय हवं होतं? खरं सांगायचं तर काहीच नाही. मला काय हवंय हे मला कोणी विचारलं नव्हतं, मीही स्वतःला विचारलं नव्हतं. मी सायन्स घेतलं. दोन वर्षं फळ्यावरची इंग्रजी अक्षरं वहीत उतरवली. उतरवणं आणि समजणं यातला फरक परीक्षेत कळतो. बारावीला माझं फिजिक्स गेलं, मॅथ्स गेलं. तात्यांच्या पोरीला वारणानगरला इंजिनिअरिंगला जागा मिळाली.

तात्या पेढे घेऊन आले. आबांनी पेढा घेतला, तोंडात टाकला आणि तात्या जिना उतरेपर्यंत गिळला नाही. तसाच गाल फुगवून बसले. मग खिडकीतनं खाली थुंकले. आई म्हणाली, "अन्न हाय ते." आबा म्हणाले, "म्हायत हाय मला."

त्याच पावसाळ्यात तात्यांनी गोठा मोडायला काढला. जागा बिल्डरला द्यायची ठरली होती. एकेक म्हस जायला लागली. शेवटी त्यांची ती राहिली, जिला सगळं गाव ओळखत होतं. मागं वळलेली, पाठीपर्यंत पोचणारी तलवारीसारखी शिंगं, काळी कुळकुळीत. दिवाळीच्या पाडव्याला आमचे गवळी म्हशी नटवून रस्त्यावर काढतात. शिंगांना रंग, गळ्यात कवड्यांच्या माळा, डोक्यावर मोरपिसांचा तुरा, पायात चाळ. मग मालक मोटरसायकलवर बसतो, गाडी तापवतो, म्हशीला हाक मारतो आणि गाडी सोडतो. म्हस दोरी नसताना गर्दीतनं त्याच्या मागं पळत सुटते. ज्याची पळाली त्याचं वर्ष गेलं झकास. तात्यांची दर वर्षी पळायची. आमची एकदा मधेच थांबून एका माणसाच्या हातातली केळी खायला लागली होती.

आबांनी आमच्या दोन दुभत्या म्हशी विकल्या आणि तात्यांची ती एक आणली.

"दुभत्या इकून नाचरी आणलीसा," आई म्हणाली.

"आणली. आता बघू दे गल्लीला, कुणाच्या दावणीला हाय ते."

माझ्या निकालाला दोन महिनेही झाले नव्हते. मला कळत होतं. आबा पोरीत हरले होते, आता म्हशीत जिंकायचं होतं. मी नापास झाले नसते तर त्या दुभत्या म्हशी राहिल्या असत्या का, याचा विचार मी खूप वर्षं केला. आता करत नाही. उत्तर कोणतंही आलं तरी म्हशी परत येणार नाहीत.

तिला तात्यांनी ठेवलेलं एक नाव होतं. आबांनी पहिल्याच दिवशी ते बदललं. "त्यानं ठिवल्यालं नाव माझ्या गोठ्यात चालायचं न्हाय," म्हणाले. नवं नाव चांगलं होतं, भारी होतं, पण म्हशीला ते आपलं वाटलं नाही. आबा हाक मारायचे आणि ती रवंथ करत दुसरीकडं बघायची. गल्ली तर तिला कुठल्याच नावानं ओळखायची नाही. सगळ्यांसाठी ती तात्यांची म्हस. अगदी आईसुद्धा चुकून मला सांगायची, "तात्यांच्या म्हशीला पाणी दाव गं," आणि मग जीभ चावायची.

ती पान्हा चोरायची. आई धारेला बसली की कास घट्ट, दूध वर ओढून धरायची. आई तिच्यासंगं आलेलं रेडकू लावून बघायची, पेंड पुढं ठेवून बघायची. "हिला काकूंचा हात पायजे," शेवटी म्हणायची. काकू म्हणजे तात्यांची बायको. त्यांना धार काढायला बोलावणार कोण? आबांनी तो विषय काढू दिला नाही.

मी त्या दिवसांत घरीच होते. नापास झालेल्या मुलीला घरात कामं बरीच असतात. म्हशीला नदीवर न्यायचं काम माझं. जाताना पहिल्या दिवशी ती वळणावर तात्यांच्या घराकडं वळली आणि हलेना. मी आबांनी दिलेलं नाव घेतलं, शेपूट पिळली, शिव्या घातल्या. ढिम्म. मग जुनं नाव घेऊन हाक मारली. ती कान हलवत माझ्या मागं चालायला लागली. एवढं सोपं होतं. मी रोज तेच करायचे. आबांना ते सांगायची माझी हिंमत नव्हती, आणि सांगितलं असतं तरी त्यांनी ऐकलं नसतं.

पाडवा आला. आबांनी तिला आदल्या दिवशी भादरून घेतलं होतं, पाठीवर केसांत नक्षी काढली होती. शिंगांना हुरमुंजाचा लाल रंग. चाळ मावशीकडनं उसना आणलेला. स्वतः फेटा बांधला. आबांना फेट्यात मी माझ्या आयुष्यात तेवढंच बघितलं. ओळखीच्याची मोटरसायकल आणली, तिचा सायलेन्सर काढला. तिचा आवाज ऐकूनच पोरं शिट्ट्या मारायला लागली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी माणसं. तात्याही आले होते, कुठल्या ईर्ष्येनं नाही, नुसते बघायला, त्यांच्या त्या जुन्या गाडीवर. एका कडेला पाय टेकून उभे होते.

आबांनी गाडी तापवली. मागं वळून म्हशीला हाक मारली. नव्या नावानं.

म्हस उभी.

आबांनी पुन्हा हाक मारली, आणखी मोठ्यानं. गाडी थोडी पुढं घेतली, मागं आणली. म्हशीनं शेपटानं माशी मारली. गर्दीत कुणीतरी म्हणालं, "म्हशीला कळंना की, फेट्यात कोण हाय." हशा झाला. मी आईच्या शेजारी उभी होते. आईनं हातातलं आरतीचं ताट खाली घेतलं.

तात्यांना ते बघवेना. मला आजही वाटतं की त्यांना बघवेना म्हणूनच ते निघाले. त्यांनी आपल्या जुन्या गाडीला किक मारली.

तो आवाज म्हशीनं ओळखला. मान वर झाली, नाक पुढं, आणि चाळ वाजवत, मोरपिसं उडवत ती सुटली. आबांच्या गाडीला शिंग घासून पुढं गेली आणि तात्यांच्या मागं लागली. लोक बाजूला उड्या मारायला लागले. तात्यांना कळलंच नाही, ते आपले पुढं चाललेले.

"आवो पावणं, म्हस माहेरला निघाली!" कुणीतरी ओरडलं.

"आहेर करा की!"

आबा गाडी टाकून तिच्या मागं पळत गेले. फेटा सुटला, त्याचं टोक रस्त्यावर लोळत होतं, आणि आबा ते गोळा करत पळत होते. सगळं कोल्हापूर तिथं नव्हतं हे मला माहीत आहे. तरी मला वाटतं की होतं.

म्हस तात्यांच्या दारात जाऊन थांबली. गोठा तोवर निम्मा पाडलेला. विटांचा ढीग, दावण उखडलेली. ती आपल्या जुन्या जागेवर, त्या विटांवर चढून उभी राहिली आणि गव्हाण शोधायला लागली. गव्हाण नव्हती. आबा धापा टाकत पोचले, मागनं गल्ली, मागनं आम्ही.

तात्या गाडीवरनं उतरले. ते हसले नाहीत. "लेका," ते आबांना म्हणाले, "नाव का बदाललास? मी ठिवल्याल्या नावानं हाक मारली असतीस तर तुझ्या मागनं आली असती की ती. जनावर हाय. तिला काय कळतंय तुझं आणि माझं."

आबांनी तिच्या शिंगाला धरून ओढली. ती हलेना. त्यांनी हात उचलला आणि खाली घेतला. एवढ्या माणसांत जुनं नाव घेऊन हाक मारायची, म्हणजे तात्यांचं ऐकायचं. ते त्यांना जमणार नव्हतं. मला दिसत होतं की आबा संध्याकाळपर्यंत तिथंच उभे राहतील, रात्रभर राहतील, पण त्या नावानं हाक मारणार नाहीत.

मी हाक मारली. जुन्या नावानं. ती विटांवरनं उतरली आणि माझ्या मागं चालायला लागली.

घरापर्यंतचा रस्ता मला आठवतो. पुढं मी, मागं नटलेली म्हस, तिच्या मागं हातात फेट्याचं बोचकं घेतलेले आबा. कोणी हसत नव्हतं आता. हसले असते तर बरं झालं असतं.

चार-पाच दिवस आबा कट्ट्यावर गेले नाहीत. मी बारावीचं फिजिक्स पुढं घेऊन बसायचे, कारण मला ते पुन्हा द्यायचं होतं, आणि एकही ओळ डोक्यात शिरायची नाही. शेवटी एका संध्याकाळी आबा गोठ्याच्या उंबऱ्यावर बसले होते, तिथं मी गेले.

"आबा, मी सायन्स सोडतो." आमच्याकडं मुलीही अशाच बोलतात, जातो, येतो, सोडतो.

"आणि?"

"आर्ट्सनं बारावी देतो. भाईरनं. मग बी.ए. करतो."

"बी.ए. करून काय हुतंय?"

"काय न्हाय हुईत. पर करतो."

आबा म्हणाले, "तात्यांची पोरगी..." आणि थांबले. दावणीला तात्यांची म्हस रवंथ करत होती. त्यांनी तिच्याकडं बघितलं, मग जमिनीकडं.

"कर," म्हणाले.

इथून पुढं सगळं सुरळीत झालं असं मी लिहिलं तर लोकांना आवडेल. तसं झालं नाही. आपली वाट धरली की पायाखाली फुलं येतात असं सांगणारी माणसं मी मोबाइलवर रोज बघते. माझ्या वाटेवर शेणच होतं. फरक एवढाच की ते माझ्या गोठ्यातलं होतं.

आर्ट्सनं बारावी सुटली. कॉलेजात गेले तर वर्गात निम्मे बाक रिकामे. मुलं हजेरी लावून जायची. मी पुढच्या बाकावर बसले, कारण मला उठवायला तिथं कोणी नव्हतंच. भूगोलाच्या मॅडमनी पहिल्या दिवशी विचारलं, "तुमच्या दारातलं पाणी कुठं जातं?" मी उठले. गोठा धुतलेलं पाणी गटारात, गटारातनं ओढ्याला, ओढ्यातनं पंचगंगेला, पंचगंगा वाडीला कृष्णेला मिळते, तिथनं कर्नाटकात, आंध्रात, समुद्रात. मॅडम म्हणाल्या, "बसा." एवढंच. शाबासकी वगैरे काही दिली नाही. पण माझ्या शिक्षणात पहिल्यांदाच मला येणारं काहीतरी कोणी विचारलं होतं. मी भूगोल घेतला.

दिवाळीच्या सुट्टीत तात्यांची पोरगी आली. त्यांचं जुनं घर तोवर पडलं होतं, ते भाड्यानं राहत होते. ती आमच्या गोठ्यात आली, म्हशीला बघायला. जीन्स घातलेली. "बसू काय गं धारेला?" म्हणाली. मी रेडकू धरलं. तिनं कासेला पाणी मारलं, हात लावला आणि म्हशीनं पान्हा सोडला. आईसमोर वर्षभर चोरलेलं दूध चर्र चर्र भांड्यात पडायला लागलं. आई दारात उभी राहून बघत होती. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी लिहिणार नाही.

"बी.ए. करून काय करणार तू?" तिनं धार काढता काढता विचारलं. टोमणा नव्हता तो. तिला खरंच कळत नव्हतं.

"बी.ए. करणार."

"त्याच्याफुडं?"

"त्याच्याफुडं तुझं काय?"

ती हसली. "मला काय म्हायती. तात्यांस्नी इचार." मग म्हणाली, "दूध चांगलं हाय की गं अजून." भांडं भरलं होतं. ती गेल्यावर म्हस पुन्हा पहिल्यासारखी घट्ट झाली.

पुढच्या पावसाळ्यात महापूर आला. नदी गल्लीत आली, गोठ्यात आली, जिन्याच्या मधल्या पायरीपर्यंत आली. म्हशी आधीच उंचावर एका शाळेच्या आवारात नेल्या होत्या. माझी पुस्तकं माडीवर म्हणून वाचली. पण ओलीनं म्हशींच्या पायांना आजार धरला. एक विकावी लागली, तिला घेणारा कसाई होता हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. तात्यांची म्हस बसली ती उठलीच नाही. शेवटच्या दिवशी आबा तिच्याजवळ बसून होते. मी जिन्यात होते, त्यांना दिसत नव्हते. त्यांनी तिला हळू आवाजात हाक मारली. तात्यांनी ठेवलेल्या नावानं. तिनं कान हलवला.

गोठा संपला. आबांना दुसरं काय येत होतं? तात्यांच्या जागेवर बिल्डिंग उभी राहिली होती, तिला वॉचमन पाहिजे होता. तात्यांनीच निरोप पाठवला. मला वाटलं, आबा निरोप घेऊन येणाऱ्याला हाकलून देतील. ते म्हणाले, "कवापास्नं यायचं?" आता ते तिथं खुर्ची टाकून बसतात. आणलेली म्हस ज्या विटांवर चढून उभी राहिली होती, साधारण त्याच जागेवर. तात्या दुसऱ्या मजल्यावर राहतात. तात्यांची पोरगी पुण्याहून गाडीनं येते, तेव्हा आबा गेट उघडतात. ती काच खाली करून "काका, बरं हाय न्हवं?" विचारते. ती अजूनही नीटच वागते. माणूस वाईट असता तर सोसणं सोपं गेलं असतं.

मी एक वर्ष कॉलेज सोडलं. दूध विक्रीच्या केंद्रावर बसायला लागले. पिशवीतलं दूध. म्हस कशी दिसते ते विसरलेली माणसं येतात आणि ताजं आहे का विचारतात. आई शेणी लावत नाही आता, कारण शेण नाही. तिचे हात स्वच्छ झाले आणि ती म्हातारी दिसायला लागली. त्या वर्षात मला कितीतरी वेळा वाटलं की सोडावं. वर्गातल्या मुलींची लग्नं झाली, काहींना मुलं झाली, एकीला पोलिसात नोकरी लागली. त्या केंद्रावर येऊन सांगायच्या. मी पिशव्या मोजत हं हं करायचे, आणि मान खाली ठेवायचे. आबांसारखी मान वर केली की हातातलं सांडतं, हे मला बुटावर धार गेली त्या संध्याकाळपासून माहीत होतं. माहीत असून मान पुष्कळदा वर जायची. रात्री मोबाइलवर तात्यांच्या पोरीचे फोटो मीही बघितलेत, डोंगरावरचे, ऑफिसातले. बघून झालं की झोप यायची नाही. कडबा नव्हता, हातपाय पसरायला जागा होती, तरी.

पुढच्या वर्षी मी परत फी भरली. कशासाठी, याचं चांगलं उत्तर माझ्याकडं नाही. नोकरी लागेल म्हणून नाही. कोणाला दाखवायचं होतं म्हणूनही नाही, दाखवायला उरलं कोण होतं? मी ते चालू केलं होतं आणि ते माझं होतं, एवढंच. सकाळी केंद्र, मग कॉलेज, मग पुन्हा केंद्र. दुसऱ्या वर्षाचा एक पेपर राहिला, तो तिसऱ्या वर्षाबरोबर दिला.

निकाल लागला तेव्हा मी केंद्रावरच होते. मोबाइलवर बघितला. पिशवी घ्यायला आलेल्या बाईंना सुट्टे दिले, शटर निम्मं खाली ओढलं आणि बिल्डिंगवर गेले. आबा खुर्चीत बसले होते. शेजारी डबा. गुडघ्यांवर हात.

"आबा, निकाल लागला."

त्यांनी वर बघितलं. तोंडात सवयीचं वाक्य आलं होतं, मला दिसलं ते. "पयला कोण आला?" त्यांनी विचारलं.

"म्हायत न्हाय. मी पास झालो."

त्यांनी गुडघ्यांवरचे हात काढले. मग म्हणाले, "सगळ्या पेपरात?"

"सगळ्या. संपलं."

मागनं कुणाची तरी गाडी आली, हॉर्न वाजला. आबा उठले, गुडघा धरून, गेट उघडलं, गाडी आत गेली, गेट लावलं, परत येऊन बसले. "बस," म्हणाले, आणि खुर्ची मला दिली. स्वतः कठड्यावर बसले. डबा उघडला, भाकरीचा निम्मा तुकडा माझ्या हातात दिला. आम्ही खाल्लं. दुसरं कोणी आलं नाही, पेढे नव्हते, कोणी विचारलं नाही.

मी अजून त्याच केंद्रावर आहे. पगार तोच आहे.

मी भूगोल घेऊन बी.ए. झाले, दुसऱ्या वर्गात. आमच्या घरात माझ्या आधी कोणी पदवी घेतली नव्हती.